एवढंही येत नाही?

गेल्या डिसेंबरात नातीची फुटबॉलची मॅच बघायला गेलो होतो. नात बारा वर्षांची. शाळेच्या तेरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात राइट बॅक खेळते. बँकेतून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. तेव्हापासून तिला मैदानावर नेणं आणि परत आणणं, हे घरातलं माझं ठरलेलं काम. स्कूटरवर पुढं पाण्याची बाटली, मागं नात, तिच्या पाठीवर बुटांची पिशवी, अशी आमची वरात रोज संध्याकाळी पेठेतून निघते.

कोल्हापुरात फुटबॉल हा काही नव्यानं आलेला खेळ नाही. शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांना गॅलरी भरलेली असते आणि संघांच्या नावांत अजूनही 'तालीम मंडळ' असतं. कुस्तीच्या मातीतूनच इथला फुटबॉल वर आला. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्यामुळं इथं मुलांची साधी मॅच असली तरी बघायला माणसं जमतात, आणि जमलेला प्रत्येक माणूस जाणकार असतो. निदान तसं समजतो तरी.

त्या दिवशी दुसऱ्या हाफमध्ये बॉल आमच्या बाजूच्या फक्कीच्या रेषेबाहेर गेला. आमचा थ्रो. नातीनं बॉल उचलला, डोक्यावर धरला आणि फेकला. पंचांची शिट्टी. फाउल थ्रो. बॉल समोरच्या संघाकडं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बॉल तिच्या हातात आला, तेव्हा ती फेकायच्या आधीच घाबरलेली दिसत होती. तिनं घाईनं फेकला आणि तिसऱ्यांदा शिट्टी वाजली. चौथ्या वेळी दुसऱ्याच मुलीनं धावत येऊन तिच्या हातातून बॉल काढून घेतला.

माझ्या मागून एक आवाज आला, "एवढंही येत नाही? हातानं तर फेकायचाय!"

मी मागं वळून बघितलं नाही. पण कानाच्या पाळ्या तापल्या. मैदानात नात खाली मान घालून आपल्या जागेवर गेली. तिनंही ते ऐकलं होतं.

येताना स्कूटरवर ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाली, "आबा, मी सोमवारपासून ग्राऊंडवर जात नाही."

"का गं?"

"पाय उचललो म्हणतात. मला कळलंच नाही कधी उचललो ते."

आमच्या कोल्हापुरात मुलीही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. एरवी तिच्या त्या बोलण्याची मला गंमत वाटते. त्या दिवशी वाटली नाही. कारण ते वाक्य, 'एवढंही येत नाही?', माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. ते मी एकदा ऐकलं होतं, आणि एकदा म्हटलंही होतं.

पंच्याहत्तर सालची शिट्टी

१९७५ साली मी नववीत होतो. अंगानं किरकोळ. शाळेच्या फुटबॉल संघात माझी जागा बहुतेक वेळा बाकावर. शाळांच्या स्पर्धेत उपांत्य सामन्याला आमचा लेफ्ट हाफ पाय मुरगळून बाहेर आला आणि सरांनी मला आत पाठवलं. एक-एक बरोबरी होती. शेवटची काही मिनिटं उरली होती. बॉल आमच्याच गोलजवळ रेषेबाहेर गेला. मी सगळ्यांत जवळ होतो, म्हणून मी उचलला. 'लांब मार, लांब मार,' असं चारी बाजूंनी ओरडणं चाललं होतं. मी जीव खाऊन फेकला. शिट्टी वाजली. बॉल लांब जावा म्हणून मी उडीच मारली होती. पाय जमिनीवर ठेवायचे असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते डोक्याला माहीत होतं, पायांना माहीत नव्हतं.

थ्रो समोरच्या संघाला मिळाला. त्यांनी तो आमच्या गोलसमोर टाकला. गर्दीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागून बॉल आत गेला. आम्ही हरलो. कॅप्टन माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तो मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त एवढंच म्हणाला, "एवढंही येत नाही तर आत आलास कशाला?"

त्यानंतर मी फुटबॉल सोडला. कारण म्हणून घरी अभ्यासाचं नाव सांगितलं. वडिलांना आनंद झाला. पुढं मी वाचायला लागलो, लिहायला लागलो, बँकेत लागलो. लोक विचारतात, तुम्ही लेखनाकडं कसे वळलात? मी निरनिराळी उत्तरं देतो. हे उत्तर मात्र आजवर कधी दिलं नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी एक गोष्ट लक्षात आली. दोन वर्षं मी त्या संघाबरोबर सरावाला जात होतो. आम्हाला किक शिकवली, हेडिंग शिकवलं, बॉल छातीवर कसा घ्यायचा ते शिकवलं, मैदानाला दहा-दहा फेऱ्या मारायला लावल्या. थ्रो मात्र एकाही संध्याकाळी शिकवला नाही. सरावात बॉल बाहेर गेला की जवळचा मुलगा तो कसाही आत फेकायचा आणि खेळ पुढं चालू व्हायचा. थ्रो म्हणजे खेळातला खंड. तो शिकवायचा असतो, असं कुणाच्या मनातच आलं नसावं.

त्या रात्री नातीला मी ही सगळी हकीकत सांगितली. तिनं शांतपणे ऐकली.

"मग तुम्ही काय केलं?"

"सोडला फुटबॉल."

तिनं थोडा विचार केला. "आणि थ्रो? तो आला का नंतर?"

"नाही. कसा येणार?"

यावर ती काही बोलली नाही. पण सोमवारी संध्याकाळी बुटांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

सोपा दिसणारा नियम

फुटबॉल न बघणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. बॉल बाजूच्या रेषेबाहेर पूर्ण गेला की ज्या संघाचा त्याला शेवटचा स्पर्श झाला, त्याच्या विरुद्ध संघाला थ्रो मिळतो. बॉल जिथून बाहेर गेला तिथूनच टाकायचा. तोंड मैदानाकडं हवं. बॉल फेकताना दोन्ही पायांचा काही ना काही भाग रेषेवर किंवा रेषेबाहेर जमिनीला टेकलेला हवा. बॉल दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून, डोक्यावरून आला पाहिजे. समोरच्या खेळाडूनं दोन मीटर लांब उभं राहायचं. टाकणाऱ्यानं दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत पुन्हा बॉलला शिवायचं नाही. थ्रोवरून थेट गोल होत नाही. एवढाच नियम. वाचायला अर्धं मिनिट लागतं.

या नियमाचा इतिहासही गमतीचा आहे. १८६३ साली इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशननं पहिले नियम केले, तेव्हा बाहेर गेलेल्या बॉलला जो आधी हात लावेल त्याचा थ्रो असायचा. म्हणजे बॉल बाहेर गेला की दोन्हीकडची माणसं त्याच्यामागं पळत सुटणार. शिवाय तो रेषेशी काटकोनातच टाकावा लागे. पुढं कोणत्याही दिशेनं टाकायची मोकळीक मिळाली. एका हातानं फेकणारे बॉल फारच लांब टाकू लागले, म्हणून १८८२ साली दोन्ही हातांची अट आली. १९२० पासून थ्रोवर ऑफसाइड धरत नाहीत. थोडक्यात, फेकणाऱ्याचं बळ नियमानं कमी केलं, आणि बदल्यात त्याला एक सवलत दिली. ती सवलत वापरायची तर डोकं हवं.

कारण या सोप्या गोष्टीत एक पेच आहे. थ्रो टाकणारा खेळाडू रेषेबाहेर असतो. म्हणजे त्या घडीला मैदानात आपले दहाच, समोरचे अकरा. समोरचे अकरा जण आपल्या जवळच्या प्रत्येकाला धरून उभे राहू शकतात. थ्रो आपला, पण अडचणीतही आपणच. शिवाय सगळा खेळ थांबलेला, सगळ्यांच्या नजरा एकाच माणसावर. धावताना चुकलेला पास कुणाच्या लक्षात राहत नाही. उभं राहून चुकलेला थ्रो सगळ्यांना दिसतो.

पायाखालचा रुमाल

सोमवारी मी कोचना भेटलो. तिशीतला तरुण. दिवसभर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम करतो, संध्याकाळी मुलींना शिकवतो. मी तक्रार घेऊन आलोय असं त्यांना वाटलं असावं. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "काका, चूक तिची नाही, माझी आहे. मी थ्रो शिकवलाच नाही कधी. मला तरी कुणी शिकवला होता?"

इतकी वर्षं नोकरी केली, पण वरच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी फार थोड्या वेळा ऐकलं. माझ्या स्वतःच्या तोंडून तर त्याहून कमी.

त्या दिवसापासून रोजच्या सरावातली पंधरा मिनिटं त्यांनी थ्रोला काढली. मी रेषेबाहेर खुर्ची टाकून बसत होतो, म्हणून मला हे सगळं पहिल्यापासून बघायला मिळालं.

पहिले दोन दिवस फक्त बॉल धरणं. दोन्ही तळवे बॉलच्या मागच्या अंगाला, बोटं पसरलेली, दोन्ही अंगठे एकमेकांना जवळजवळ टेकलेले. बॉल वर उचलून मानेमागं न्यायचा, कोपरं पुढच्या बाजूला. बहुतेक मुली बॉल डोक्यावर धरून तिथूनच ढकलत होत्या. तो फाउल. "मानेला बॉल लागला पाहिजे. लागला का? मगच पुढं आण," असं सर प्रत्येकीच्या मागं जाऊन सांगत होते. उजव्या हाताच्या मुलींचा उजवाच हात जोर लावायचा आणि बॉल गिरकी घेत तिरका जायचा. डाव्या हाताला कामाला लावण्यातच एक आठवडा गेला.

मग सगळ्यांना गुडघ्यांवर बसवलं. जोड्या केल्या, मध्ये चार-पाच पावलांचं अंतर. गुडघ्यांवर बसलं की पायांची भानगड राहत नाही. मागं वाकून, पोटातून जोर काढून फेकावं लागतं. नुसत्या हातांनी फेकलेला बॉल दोन पावलांतच पडतो, हे मुलींना आपोआप कळलं.

त्यानंतर उभं राहून. एक पाय पुढं, एक मागं. खरी अडचण इथंच. जोर पुढच्या पायावर गेला की मागचा पाय हवेत उचलला जातो, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. सरांनी खिशातला रुमाल काढला, चौघडी करून नातीच्या मागच्या पायाच्या चवड्याखाली ठेवला. "रुमाल सोडायचा नाही. ओढत आण." पहिल्या फेकीला रुमाल जिथल्या तिथं राहिला आणि पाय पुढं आला. दुसऱ्या फेकीलाही. सातव्या की आठव्या वेळी रुमाल चवड्याबरोबर घासत वीतभर पुढं आला. नातीनं खाली बघितलं आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली. तिचा पाय केव्हा उचलला जातो, ते तिला आता कळलं होतं. 'पाय उचलू नको' असं शंभरदा ओरडून जे झालं नसतं, ते एका रुमालानं झालं. सरांचे रुमाल मात्र त्या महिन्यात लाल मातीनं पार कामातून गेले.

मैदानाच्या कडेला पेठेतल्या तालमीचे एक जुने वस्ताद संध्याकाळी येऊन बसतात. सत्तरी ओलांडलेले. फुटबॉलवर त्यांचा फारसा जीव नाही. दोन-चार दिवस त्यांनी बघितलं आणि नातीला जवळ बोलावलं.

"पोरी, हातानं फेकतीयास तू. कमरंतनं फेक. आमी मुद्गल फिरवताव, तवा हात काय करत्यात? हात नुसतं धरून असत्यात. जोर पायातनं येतोय, कमरंतनं वर चढतोय."

आणि त्यांनी जागेवर उभं राहून, हातात काही नसताना, डोक्यामागून मुद्गल फिरवून दाखवलं. मागं वाकलेली पाठ, जमिनीला चिकटलेले दोन्ही पाय, शेवटी सुटणारे हात. कोच बघतच राहिले. ते गुडघ्यांवर बसवून जे शिकवत होते, तेच हे. मला वाटलं, आपल्या गावचा फुटबॉल तालमीतून आला म्हणतात, पण हातांनी खेळायची फुटबॉलमधली एवढी एक गोष्ट तालमीत कुणी विचारायलाच गेलं नव्हतं.

डेन्मार्कचा एक माणूस

याच सुमारास घरी मुलानं मला एका माणसाबद्दल वाचायला दिलं. डेन्मार्कचा थॉमस ग्रोनमार्क. तरुणपणी धावपटू, नंतर बर्फावरच्या बॉबस्लेच्या राष्ट्रीय संघात. फुटबॉलमध्ये त्याचं काम एकच, थ्रो शिकवणं. २०१८ साली इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबनं त्याला बोलावलं. कोट्यवधींचे खेळाडू असलेल्या क्लबनं थ्रोसाठी वेगळा कोच नेमला, म्हणून काही जुन्या खेळाडूंनी त्याची टिंगलही केली. हातानं फेकायला कसला कोच?

पण क्लबचे व्यवस्थापक युर्गेन क्लॉप यांना एक गोष्ट खटकत होती. समोरच्यांनी जवळ येऊन दबाव आणला की लिव्हरपूलचे निम्म्याहून जास्त थ्रो समोरच्याकडं जात होते. आपल्याकडं राहायचे ते साधारण पंचेचाळीस टक्के. वीस संघांत त्यांचा नंबर अठरावा. ग्रोनमार्कच्या पहिल्या वर्षानंतर हेच प्रमाण अडुसष्ट टक्क्यांच्या आसपास गेलं आणि संघ या बाबतीत पहिला आला. त्याच वर्षी, २०१९ मध्ये, लिव्हरपूलनं चॅम्पियन्स लीग जिंकली. ती थ्रोमुळं जिंकली असं म्हणणं वेडेपणाचं होईल. पण एका मॅचमध्ये चाळीस-पन्नास थ्रो होतात. चाळीस-पन्नास वेळा बॉल आपल्या हातात येतो आणि त्यातला निम्मा आपण समोरच्याला देऊन टाकतो, हे हिशेबाच्या माणसाला बघवणार नाही.

लोकांना थ्रो म्हटलं की लांब फेकणारेच आठवतात. २००८ च्या सुमारास स्टोक सिटीचा रोरी डेलॅप बॉल टॉवेलनं पुसून थेट गोलसमोर टाकायचा. शाळेत असताना तो भालाफेकपटू होता. त्याच्या थ्रोची धास्ती एवढी की एकदा समोरच्या गोलकीपरनं त्याला थ्रो मिळू नये म्हणून बॉल मुद्दाम आपल्याच गोलरेषेबाहेर मारून कॉर्नर दिला! ग्रोनमार्कही लांब फेकायला शिकवतोच. पण त्याचा खरा भर वेगळ्या गोष्टीवर आहे. बॉल लवकर टाकणं, आणि आत असलेल्यांनी जागा सोडून पळणं. टाकणारा एकटा काही करू शकत नाही. त्याला कुणीतरी मोकळं व्हायला हवं.

मी हे कोचना सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून सरावाचं रूप बदललं. आता टाकणारी एक, आत तिघी आणि त्यांना अडवायला तिघी. एकीनं टाकणारीकडं पळत यायचं, म्हणजे तिला धरलेली मुलगीही तिच्यामागं येते. त्या रिकाम्या जागेत दुसरीनं घुसायचं. बॉल पायांवर टाकायचा, गुडघ्याशी उसळेल असा नाही, कारण उसळता बॉल घेणाऱ्याची पंचाईत करतो. आणि टाकून झालं की टाकणारीनं बघत उभं राहायचं नाही. लगेच रेषेच्या आत. बॉल परत तिलाच द्यायचा असतो. बहुतेक वेळा सगळ्यांत मोकळी तीच असते, कारण बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडं कुणाचं लक्ष नसतं.

जमा आणि नावे

मी आपला जुन्या सवयीनं एक वही घातली. तारीख, एकूण थ्रो, फाउल, आपल्याकडं राहिले ते जमा, समोरच्याकडं गेले ते नावे. पहिल्या शनिवारच्या सराव सामन्यात चौदा थ्रो. चार फाउल, सहा नावे, जमा फक्त चार. मुली मॅच संपल्यावर येऊन वही बघायला लागल्या. नात म्हणाली, "आबा, फाउल लाल पेनानं लिहू नका. दिसतंय तसंही."

लाल पेन बंद केलं. आणि त्या रात्री वही मिटताना मला १९९२ सालचा एक मुलगा आठवला.

सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या शाखेत मी मॅनेजर होतो. हेड कॅशियर रजेवर गेले, म्हणून नुकत्याच लागलेल्या एका क्लार्कला मी कॅशवर बसवलं. बाजाराचा दिवस होता. संध्याकाळी हिशेब लावला तर पाचशे रुपये कमी. तीन वेळा मोजलं, कमीच. मी केबिनमधून बाहेर आलो आणि सगळ्या स्टाफसमोर, उरलेल्या दोन-चार खातेदारांसमोर म्हणालो, "नोटा मोजता येत नाहीत? एवढंही येत नाही?" नियमाप्रमाणं तूट त्यानं भरायची होती. त्यानं भरली. खाली मान घालून, खिशात होतं नव्हतं ते काढून, उरलेले शिपायाकडून उसने घेऊन.

पंधरा दिवसांनी हेड कॅशियर रजेवरून आले. त्यांनी चौकशी केली नाही, कुणाला दोष दिला नाही. दोन दुपारी त्या मुलाला शेजारी बसवून घेतलं. एका वेळी काउंटरवर एकाच खातेदाराचे पैसे ठेवायचे. खातेदार समोर असतानाच मोजायचे. आधी नोटा दर्शनी रकमेप्रमाणं वेगळ्या करायच्या, मग मोजायच्या, मग स्लिपवरच्या तपशिलाशी ताडायच्या. गर्दी वाढली की हात जोरात नाही, हळू चालवायचा. बोट स्पंजावर ओलं करायचं ते किती वेळानं, हेसुद्धा सांगितलं. त्या मुलाची कॅश माझ्या कारकिर्दीत पुन्हा कधी कमी पडली नाही. पुढं तो अधिकारी झाला. कधी भेटला तर आदरानं बोलतो, घरी या म्हणतो. ते वाक्य त्याला आठवतं का, हे मी त्याला विचारलेलं नाही.

नोटा मोजणं कुणी शिकवत नाही. फोनवर नीट बोलणं, पत्ता लिहिणं, आजारी माणसाला कुशीवर वळवणं, हेही कुणी शिकवत नाही. जे हातानं करायचं असतं आणि सगळे करताना दिसतात, ते सगळ्यांना येतं असं आपण धरून चालतो. ज्याला येत नाही तो मग एकटा पडतो. 'एवढंही येत नाही?' असं ज्यांनी मला विचारलं आणि मी ज्याला विचारलं, त्या दोन्ही वेळी विचारणाऱ्यानं ते शिकवलेलं नव्हतं. माझा कॅप्टन सोळा वर्षांचा होता, त्याला माफ आहे. मी एकतीस वर्षांचा होतो.

एक साधा थ्रो

फेब्रुवारीत पुन्हा मॅच होती. मी वही घेऊन गेलो होतो. पहिला थ्रो मिळाला तेव्हा नात रेषेवर आली. मागं गॅलरीत पुन्हा तेच जाणकार होते. तिनं बॉल उचलला, चवडा जमिनीवर दोनदा घासला, जणू खाली रुमाल आहे. मैत्रीण तिच्याकडं पळत आली, तिच्यामागं समोरची एक मुलगी आली. नातीनं बॉल तिच्या पायांवर टाकला, तिनं एका टचमध्ये परत दिला, आणि नात तो घेऊन रेषेच्या कडेनं पुढं निघून गेली.

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवण्यासारखं काही झालंच नव्हतं. बॉल बाहेर गेला होता, तो आत आला होता. खेळ पुढं सुरू झाला होता.

त्या मॅचमध्ये आम्हाला सोळा थ्रो मिळाले. दहा जमा, पाच नावे, एक फाउल. फाउल नातीचाच होता, दुसऱ्या हाफमध्ये, दमल्यावर. शिट्टी वाजली तसं तिनं सरांकडं बघितलं. सरांनी नुसता आपला उजवा चवडा वर करून दाखवला. तिनं मान हलवली आणि आपल्या जागेवर पळाली. मॅच आम्ही दोन-एक अशी हरलो.

येताना स्कूटरवर ती सगळा वेळ बोलत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "आबा, तुम्हाला पण शिकवतो मी थ्रो. उद्या जरा लवकर निघूया."

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्धा तास आधी मैदानावर गेलो. कुणी आलेलं नव्हतं. पासष्टीला आलेल्या माणसानं फक्कीच्या रेषेवर उभं राहून बॉल मानेला लावला. नातीनं वाकून माझ्या मागच्या चपलेखाली स्वतःचा रुमाल सारला.

"सोडायचा नाही," ती म्हणाली. "ओढत आणा."

पहिल्या वेळी रुमाल जिथल्या तिथं राहिला.